क्वॉड आणि डर्ट बाईकमध्ये इथेनॉलवालं पेट्रोल: ई-१० चालतं, ई-२० जपून, आणि उभ्या गाडीत कुठलंच नको

आधी निकाल देतो, कारणं नंतर. ई-१० म्हणजे १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ऑफ-रोड गाडीत व्यवस्थित चालतं, पण ते ताजं पाहिजे आणि गाडी चालती पाहिजे, त्याला माझे पाचपैकी साडेतीन. ई-१५ आणि ई-२० फक्त त्याच गाडीत जिच्या मॅन्युअलमध्ये तसं छापलंय, बाकी गाड्यांसाठी दीडच्या वर देणार नाही. आणि जी गाडी महिनोन्महिने शेडमध्ये उभी असते तिच्या टाकीत हे पेट्रोल तसंच ठेवून देणं याला शून्य, यात घासाघीस नाही.

मी हे कार्बोरेटरवाला (हवेत पेट्रोल मिसळणारा साधा भाग, पुढे नुसतं कार्ब) फोर-स्ट्रोक क्वॉड म्हणजे हँडलबारची चारचाकी, एक टू-स्ट्रोक डर्ट बाईक आणि एक इंजेक्शनवाली साइड-बाय-साइड म्हणजे शेजारी-शेजारी सीटची ऑफ-रोड गाडी या तीन गाड्यांवरून लिहितोय, तिन्हींची देखभाल घरीच होते, कार्ब उघडणं, होज बदलणं, टाकी धुणं सगळं. लोक या पेट्रोलबद्दल दोन टोकाचं बोलतात, एक गट म्हणतो की हे इंजिनचं विषच आहे आणि दुसरा म्हणतो की कारमध्ये चालतं तर क्वॉडमध्ये का नाही चालणार, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही ऑफ-रोड गाडी कशी वापरली जाते हे लक्षातच घ्यायचं नाहीये.

कार रोज चालते, तिच्या टाकीतलं पेट्रोल आठवड्या-दोन आठवड्यात संपतं, टाकी बऱ्यापैकी बंद असते, आणि सायलेन्सरच्या पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो जो मिश्रण बदललं की इंजेक्टरला जास्त पेट्रोल सोडायला लावतो. ऑफ-रोड गाडीत यातलं जवळपास सगळं उलटं. ती सीझनला चालते आणि मग उभी राहते, टाकी छोटी, टाकीचा व्हेंट म्हणजे हवा आत-बाहेर जायची वाट उघड्या हवेत, कार्ब असेल तर त्याला काय कळणार पेट्रोल बदललं ते, आणि इंजेक्शन असलं तरी बऱ्याच क्वॉडमध्ये ऑक्सिजन सेन्सरच नसतो, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठरलेल्या मॅपवर (किती पेट्रोल सोडायचं त्या तक्त्यावर) चालतो. त्यात वर चिखल, पाण्याचे ओढे, प्रेशर वॉशर, उतारावर वाकडी उभी केलेली गाडी. म्हणजे इंधन तेच पण त्याला मिळणारी वागणूक वेगळी, त्यामुळे कारवाल्यांचा अनुभव इथे फारसा कामाचा नाही.

चालवताना काय फरक पडतो ते पटकन सांगून टाकतो कारण त्यात फार काही नाही. इथेनॉलमध्ये एका लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ई-१० वर रेंज ३ टक्क्यांच्या आसपास घटते आणि ई-२० वर ६ ते ७ टक्के. ३ टक्के कुणाला जाणवतही नाही. ७ टक्के मात्र लांबच्या ट्रेलवर जाणवतात, परतीचा हिशेब जुन्या सवयीने केला तर रिझर्व्ह लवकर लागतो, सोबतचा कॅन त्या हिशेबाने मोठा घ्यायचा. ऑक्टेनच्या म्हणजे नॉकिंग (इंजिनातली खडखड) टाळायच्या क्षमतेच्या बाबतीत इथेनॉल चांगलंच आहे, शुद्ध इथेनॉलचा रिसर्च ऑक्टेन १०८ च्या आसपास, त्यामुळे ताज्या मिश्रणात चढावर नॉकिंग वाढत नाही, झालं तर कमीच होतं. थंडीत सकाळी चोक थोडा जास्त वेळ लागतो, इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता लागते त्याचा तो परिणाम.

आता खरा मुद्दा, गाडी लीन चालणं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडणं. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला १ किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, कारण इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, वजनाच्या ३५ टक्क्यांच्या जवळ. ई-१० साठी हा आकडा १४.१ च्या आसपास येतो, ई-२० साठी १३.५ च्या आसपास. कार्बचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मात्र तेवढंच पेट्रोल सोडतो जेवढं कारखान्यात ठरलं होतं. म्हणजे ई-१० वर मिश्रण ४ टक्के लीन, ई-२० वर जवळपास ८ टक्के. आणि उत्सर्जनाच्या नियमांमुळे नव्या गाड्या आधीच लीन सेट करून येतात, त्यावर हे अजून. लक्षणं ओळखीची आहेत, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके, आयडल वर-खाली, अर्ध्या थ्रॉटलला गाडी अडखळते, इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापतं, प्लग काढून बघितला तर पांढरट. माझ्या क्वॉडला ई-१० साठी पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारा) एक नंबर मोठा आणि मेन जेटही एक नंबर मोठा टाकला, त्यानंतर फटाके गेले आणि आयडल जागेवर बसलं. प्रत्येक गाडीला हेच लागू पडेल असं नाही, प्लग बघूनच ठरवा, पण दिशा हीच.

टू-स्ट्रोकवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यायला पाहिजे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल मिसळलेलं पेट्रोलच इंजिनला ऑइल पुरवतं आणि आत येणारं मिश्रणच पिस्टनला थंड करतं, त्यामुळे लीन झालं की दोन्ही बाजूंनी मार बसतो आणि फुल थ्रॉटलला लांब सरळ पट्ट्यात पिस्टन सीझ म्हणजे जाम व्हायची शक्यता खरोखर वाढते. फोर-स्ट्रोक लीन चालली तर कुरकुर करेल, टू-स्ट्रोक आधी चांगली पळते आणि मग एकदम बसते. म्हणून टू-स्ट्रोकमध्ये ई-१० च्या वर जाऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे, मॅन्युअल परवानगी देत असेल तर गोष्ट वेगळी, पण तशी टू-स्ट्रोक मी तरी हाताळलेली नाही.

पाण्याचं प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं आणि त्याबद्दलच सगळ्यात जास्त चुकीचं बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर. साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळपास मिसळतच नाही, थेंब असेल तर तळाला जाऊन बसतो. इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं, त्यामुळे ई-१० मध्ये १५ अंश सेल्सिअसला अर्धा टक्का पाणी विरघळलेलं राहू शकतं, म्हणजे लिटरला ५ मिलि, एक चमचाभर. तोपर्यंत काहीच बिघडत नाही, ते पाणी पेट्रोलबरोबर इंजिनात जाऊन वाफ होऊन बाहेर पडतं, या अर्थाने थोड्या पाण्यासाठी ई-१० उलट बरं. पण ती मर्यादा ओलांडली, किंवा मर्यादेजवळ असताना रात्री तापमान उतरलं, की मग फेज सेपरेशन होतं. पाणी एकटं वेगळं होत नाही, ते इथेनॉललाही ओढून खाली नेतं, आणि टाकीच्या तळाशी इथेनॉल-पाण्याचा एक थर तयार होतो, वर उरतं ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल. आणि पेट्रोल कॉक किंवा पंप कुठून ओढतो? तळातूनच. म्हणजे स्टार्टर दाबला की इंजिनात पहिली जाते ती ही तळाची खिचडी.

फोर-स्ट्रोक अशा वेळी सुरूच होत नाही किंवा दोन झटके देऊन बंद पडते, त्रास आहे पण इंजिन वाचतं. टू-स्ट्रोकमध्ये धोका मोठा, कारण मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं आणि तळाच्या थरात ऑइल नसल्यासारखंच, त्यामुळे गाडी कशीबशी चालू झाली तर ती बिनऑइलची चालते. ट्रेलवर तर अजून एक गंमत नाही, संकट आहे, टाकी सतत हिंदकळते आणि तो थर मधूनमधून पिकअपपाशी येतो, गाडी सपाटीला बरी चालते आणि उतारावर किंवा एका बाजूला कलली की मिसिंग करते, माणूस इलेक्ट्रिकल फॉल्ट शोधत बसतो.

ई-२० मध्ये पाणी विरघळायची क्षमता ई-१० पेक्षा जास्त असते त्यामुळे सेपरेशन उशिरा होतं, हे खरंय. पण झालं की तळाचा थर मोठा असतो कारण खाली जायला इथेनॉलच दुप्पट आहे.

आता हे पाणी येतं कुठून. हवेतल्या ओलाव्याने एका रात्रीत टाकी खराब होते असं जे सांगतात ते मला पटत नाही, बंद झाकणाच्या टाकीत नुसत्या व्हेंटमधून तेवढा ओलावा शोषायला महिने लागतात. अर्धी टाकी, उघडा व्हेंट, दिवसा गरम रात्री गार, हवा आत-बाहेर होत राहते, असं लांबलचक चाललं तर होतं. पण पटकन खराब होण्याची कारणं वेगळी असतात, झाकणाचं गॅस्केट वाळलेलं आणि वरून प्रेशर वॉशर मारलेला, ओढा ओलांडताना व्हेंटची नळी पाण्यात बुडालेली आणि गरम टाकी गार झाल्यावर तिने पाणी आत ओढलेलं, पावसात उघड्यावर ठेवलेला कॅन, किंवा कॅनच्या तळाशी आधीच पाणी. माझ्या तिन्ही गाड्यांच्या व्हेंटच्या नळ्या हँडलबारच्या उंचीपर्यंत वर नेल्यात आणि झाकणाचं गॅस्केट ग्लोव्हबॉक्समध्ये एक स्पेअर असतं. धुताना झाकणावर पिशवी बांधायची, तेवढं पुरतं.

नियमांचं बोलायचं तर सगळ्यात स्पष्ट नियम अमेरिकेत आहे. तिथल्या पर्यावरण संस्थेने म्हणजे ईपीएने २०१० आणि २०११ मध्ये दोन टप्प्यांत ई-१५ ला परवानगी दिली ती फक्त २००१ किंवा त्यानंतरच्या कार आणि हलक्या वाहनांसाठी. मोटरसायकल, ऑफ-रोड गाड्या, स्नोमोबाईल, बोटी, गवत कापायची यंत्रं यात ई-१५ टाकणं तिथे कायद्याने बंद आहे आणि पंपावर तसं नारिंगी लेबल लावलेलं असतं. कारणं वर लिहिली तीच, लीन चालणं, तापणं आणि रबर-धातूची झीज. ब्राझीलमध्ये मात्र साध्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २०१५ पासून २७ टक्के इथेनॉल होतं आणि २०२५ मध्ये ते ३० टक्के झालं, आणि तिथेही मोटरसायकली धावतातच, पण त्या गाड्यांचं जेटिंग, होज, पंप सगळं त्या इंधनासाठी बनवलेलं असतं. भारतात २०२२ मध्ये १० टक्के गाठले आणि २०२५ मध्ये २० टक्के. या सगळ्याचा अर्थ एवढाच की इथेनॉल इंजिनला चालत नाही असं नाही, तुमचं इंजिन कुठल्या इंधनासाठी बनलंय तेवढंच बघायचं. आपली गाडी कुठल्या बाजारासाठी बनली ते मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणाजवळच्या स्टिकरवर असतं, डीलर तोंडी काय सांगतो त्यापेक्षा तो स्टिकर मोठा.

यात मिथेनॉल वेगळं काढा. तेही अल्कोहोलच आहे पण धातू आणि रबरावर इथेनॉलपेक्षा जास्त चावतं, आणि ज्या मॅन्युअलमध्ये १० टक्के इथेनॉलला हो म्हटलंय त्यातही मिथेनॉलला बहुतेक वेळा नाही किंवा अगदी थोडी मर्यादा असते. आणि विषारी, कातडीतूनही शरीरात जातं. रेसिंगवाले वापरतात त्यांची गाडी त्यासाठी तयार असते.

एकाच नोझलमधून वेगवेगळी मिश्रणं देणारा पंप असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आधीच्या गिऱ्हाईकाने जे घेतलं त्याचं उरलेलं पेट्रोल पाइपमध्ये असतं आणि तुमच्या टाकीत पहिलं तेच येतं. कारच्या ५० लिटरमध्ये त्याचा पत्ता लागत नाही, पण डर्ट बाईकच्या छोट्या टाकीत किंवा ५ लिटरच्या कॅनमध्ये त्याने टक्केवारी खरंच बदलते. मी म्हणून आधी कारमध्ये भरतो आणि त्याच नोझलने लगेच कॅन भरतो.

गरम टाकीचं प्रकरण ऑफ-रोडवाल्यांनी सगळ्यात गांभीर्याने घ्यावं, कारण इथे इंजिन नाही तर माणूस भाजतो. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल घातलं की त्याचा बाष्पदाब साधारण ७ किलोपास्कलने वाढतो, म्हणजे ते लवकर उकळायला लागतं. हळू चालणारा दगडधोंड्यांचा चढ, वाऱ्याचा झोत नाही, रेडिएटरचा फॅन गरम हवा टाकीवर फेकतोय, सायलेन्सर टाकीच्या जवळ, वर उंची जास्त असेल तर हवेचा दाब कमी, अशा वेळी टाकीतलं पेट्रोल खरंच उकळतं, कान लावला तर खदखद ऐकू येते. कार्बवाल्या गाडीत व्हेपर लॉक होतो, म्हणजे नळीत वाफ अडकून पेट्रोल पुढे जात नाही, आणि इंजेक्शनवाल्या गाडीत पंप वाफ ओढायला लागतो आणि पॉवर जाते. आणि माणूस काय करतो, थांबतो आणि झाकण उघडून बघतो. तिथे पेट्रोलचा फवारा उडतो, खाली लालबुंद पाइप.

असं झालं तर इंजिन बंद करा, गाडी सावलीत ढकला, आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नका, मागचे कितीही घाई करोत. उघडताना तोंड बाजूला, हातमोजे घालून, झाकणावर फडकं टाकून, थोडं फिरवून दाब जाऊ द्यायचा आणि मगच काढायचं. व्हेंट चोंदलेला असेल तर दाब जास्त साठतो म्हणून ट्रेलच्या आधी व्हेंटमधून फुंकून बघणं ही पाच सेकंदांची गोष्ट आहे. साइड-बाय-साइडच्या टाकीखाली आम्ही उष्णता परतवणारी चंदेरी शीट लावली, आणि टाकी कधी पाव भागाच्या खाली जाऊ देत नाही, कारण आतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असेल तरच गार राहतो. शीट लावल्यापासून पॉवर जायचं बंद झालं, यासाठी शीटला पाचपैकी पाच.

रबर आणि धातू. जुन्या गाड्यांच्या साध्या रबरी नळ्या, डायफ्रॅम, निडलच्या टोकाचं रबर हे इथेनॉलने फुगतं, नरम पडतं आणि मग पेट्रोल आटलं की वाळून तडकतं, ही फुगणं-वाळणं अशी पाळी चालू राहिली की ओव्हरफ्लो ठरलेला. नळी घेताना तिच्या अंगावर छापलेलं वाचा, एसएई जे३०आर९ असेल तर आतला थर फ्लुरोइलास्टोमरचा असतो, त्याला व्हिटॉन म्हणूनही ओळखतात, तो इथेनॉलला टिकतो. आर९ महाग असते आणि जरा कडक, छोट्या वळणांना नीट बसत नाही, क्वॉडच्या कार्बपाशी वाकवताना दुमडते, तिथे लांबी थोडी जास्त ठेवून मोठं वळण द्यावं लागतं. ही तक्रार सोडली तर टाकल्यापासून हातालाही वास येत नाही, आधीची नळी बाहेरून दमट लागायची. ओ-रिंगही त्याच मटेरियलच्या घ्या, नळी भारी आणि ओ-रिंग साधी असं करून उपयोग नाही.

धातूत सगळ्यात जास्त मार बसतो कार्बच्या झिंक मिश्रधातूच्या बॉडीला आणि पितळी जेटला. इथेनॉल-पाणी वीज वाहतं, साधं पेट्रोल जवळपास वाहत नाही, त्यामुळे दोन वेगळे धातू चिकटून असतील तिथे गंज सुरू होतो, त्यात इथेनॉल आंबून थोडं ॲसिटिक आम्लही बनू शकतं. फ्लोट बाऊलमध्ये म्हणजे कार्बच्या तळातल्या पेट्रोलच्या वाटीत पांढरी पावडर किंवा हिरवट थर दिसला तर ते हेच. पायलट जेटचं भोक आधीच केसाएवढं, एवढ्याशा पावडरने ते बंद होतं. जुन्या फायबरग्लासच्या टाक्या तर विचारूच नका, काही जुन्या रेझिनना इथेनॉल विरघळवतं आणि तो चिकट राळ व्हॉल्व्हवर जाऊन बसतो. तुमच्या गाडीला अशी टाकी असेल तर बिनइथेनॉलचं पेट्रोलच, दुसरा मार्ग नाही.

साध्या पेट्रोलवर वर्षानुवर्षं चाललेली गाडी पहिल्यांदा मिश्र पेट्रोलवर आणली की टाकीच्या भिंतीवरचा जुना थर सुटतो, आणि ट्रेलवरच्या आपटाआपटीत तो सगळा फिल्टरमध्ये येतो. पहिल्या एक-दोन टाक्यांनंतर फिल्टर बदला आणि एक खिशात ठेवा. पारदर्शक इनलाइन फिल्टर घेतला तर आत पाण्याचे गोळे फिरताना दिसतात हा वेगळा फायदा.

आता बाटलीतली औषधं, ज्यावर लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. मी स्टॅबिलायझर वापरतो आणि ताज्या पेट्रोलमध्ये टाकलं तर तो काम करतो, त्यात ऑक्सिडेशन रोखणारी आणि गंज रोखणारी रसायनं असतात, पेट्रोल चिकट होणं लांबतं. टाकल्यावर इंजिन दहा मिनिटं चालवायचं, नाहीतर टाकीत औषध आणि कार्बमध्ये जुनंच पेट्रोल. याला पाचपैकी चार. पण फेज सेपरेशन झालेलं पेट्रोल पुन्हा एकजीव करून देतो असं ज्या बाटलीवर लिहिलंय ती परत ठेवून द्या, तसं करणारं कुठलंही ॲडिटिव्ह नाही, तळाचा थर काढूनच टाकावा लागतो आणि वरचं उरलेलंही वापरण्यासारखं राहत नाही. पाणी सुकवणारी काही औषधं म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल असतं, साध्या पेट्रोलमध्ये त्याचा उपयोग होता, इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये अजून अल्कोहोल घालून काय मिळवायचं, गाडी अजून लीन होणार. यांना एक.

पेट्रोलमधलं इथेनॉल मोजायची काचेची नळी ही मात्र प्रत्येकाकडे असावी अशी वस्तू. खुणा असलेल्या १०० मिलिच्या नळीत १० मिलि पाणी आणि त्यावर ९० मिलि पेट्रोल, बूच लावून हलवा, मधे एकदा बूच सैल करून वाफ जाऊ द्या, आणि दहा मिनिटं उभी ठेवा. पाणी सगळं इथेनॉल खाली खेचून घेतं. तळाचा थर १० वरून १९ वर गेला तर ९० मध्ये ९ म्हणजे १० टक्के, २८ वर गेला तर २० टक्के. एखादा टक्का इकडे-तिकडे होतो पण ई-१० आहे की ई-२० हे नक्की कळतं. उघड्यावर करा, जवळ ज्योत नको, आणि नळीतलं परत टाकीत ओतू नका. पाचपैकी पाच, सगळ्या सामानात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची.

गाडी उभी करायची असेल तर माझी पद्धत अशी, कार्बवाल्या गाडीचं कॉक बंद करून फ्लोट बाऊलचा ड्रेन स्क्रू उघडून रिकामा करतो, गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवणं हा अर्धवट उपाय आहे कारण बाऊलच्या तळाशी थोडं उरतंच. प्लॅस्टिकची टाकी पूर्ण रिकामी करून झाकण घट्ट. धातूची टाकी रिकामी ठेवली तर आतून गंजते, म्हणून तिच्यात बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळालं तर ते भरतो, नाहीच मिळालं तर ताजं ई-१० आणि स्टॅबिलायझर, टाकी ९५ टक्के भरलेली, म्हणजे आत हवा कमी. इंजेक्शनवाल्या गाडीची टाकी पूर्ण रिकामी करत नाही, पंप आणि त्याचे सील कोरडे पडतात. छोट्या यंत्रांसाठी मिळणारं अल्किलेट पेट्रोल साठवणीला उत्तम, त्यात इथेनॉल नसतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं, पण रोजच्या वापराला परवडत नाही. कॅनमधलं ई-१० तीन महिन्यांच्या आत संपवतो, कॅनवर मार्करने तारीख लिहिलेली असते, मुदत उलटली की कारमध्ये, क्वॉडमध्ये नाही.

टाकी रिकामी करताना नळी तोंडाने ओढू नका. हे जुने मेकॅनिक सर्रास करतात आणि मला बघवत नाही. घोटभर पेट्रोल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला गंभीर इजा होते, आणि चुकून गिळलं तर उलटी मुद्दाम काढायची नाही, थेट दवाखाना. हाताने दाबायचा प्रायमर बल्ब मिळतो तो घ्या. कॅन भरताना तो जमिनीवर ठेवून भरा, क्वॉडच्या प्लॅस्टिक कॅरियरवर किंवा पिकअपच्या हौद्यात ठेवून नाही, स्थिर विजेची ठिणगी पडून तिथे आग लागू शकते, आणि नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं ठेवा. गाडीवर ड्राय पावडरचा छोटा अग्निशामक बांधलेला असू द्या, पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर आग पसरते, इथेनॉल असलं तरी. ई-१० किंवा ई-२० ची ज्वाळा पेट्रोलसारखीच दिसते, पण शुद्ध अल्कोहोलची ज्वाळा उन्हात जवळपास दिसत नाही, मिथेनॉलवाल्या रेस गाड्यांजवळ उभं राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि काढलेलं खराब पेट्रोल गटारात किंवा झाडाखाली ओतू नका. जमिनीतले जिवाणू आधी इथेनॉल खातात आणि त्यात तिथला ऑक्सिजन संपतो, मग बेन्झीनसारखी विषारी रसायनं न कुजता जास्त लांबपर्यंत भूजलात जातात. बंद धातूच्या कॅनमध्ये लेबल लावून ठेवा आणि जिथे वापरलेलं ऑइल आणि सॉल्व्हंट घेतात तिथे द्या.

जुनी ऑफ-रोड गाडी विकत घेत असाल तर इंजिनचा आवाज ऐकण्याआधी फ्लोट बाऊलचा ड्रेन स्क्रू उघडून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घ्या आणि उजेडात धरा. दोन थर दिसले किंवा पांढरी पावडर आली तर कार्ब रिबिल्ड, नळ्या, फिल्टर आणि टाकी साफ करणं एवढा खर्च किमतीतून वजा करायला सांगा, आणि टू-स्ट्रोक असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.